गेल्या वर्षीचा घट

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "वंदे, यंदा बी घटाला पाणी तूच घालायचंस," आणि मी धडधडीत खोटं बोलले. "मला अडचण आहे, आत्याबाई." सेहेचाळिसाव्या वर्षी एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारखं हे कारण पुढे करायचं म्हणजे कमालच झाली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. परातीतल्या गव्हातले खडे वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकादशीलाच तर न्हालीस की गं. म्हैन्यातनं दोनदा?" चऱ्होलीतल्या जुन्या घरची बाई ती. गोठ्यातली कोणती गाय कधी विणार आणि घरातली कोणती सून कधी बाजूला बसणार, हे तिला कॅलेंडर न बघता कळायचं. गोठा गेला, बाजूला बसणंही गेलं, पण हिशेब काही तिच्या डोक्यातून जात नाही. मी म्हणाले, "अय्या, विसरलेच बघा." हल्ली माझं हे उत्तर कुणालाही पटतं. मला मात्र ते देताना तोंडात कडू येतं.

आश्विन महिना आमच्या भागात कसा येतो ते सांगते. चाकणच्या चौकात झेंडूचे ढीग लागतात आणि त्यांच्या अंगावरून नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर निघोज्याकडून येत राहतात. ऊन असं की कंपनीच्या बसची सीट मांडीला चटके देते. बसमध्ये चढणाऱ्या आम्ही सगळ्या बायका त्या त्या दिवसाच्या रंगात, आज पिवळा, उद्या हिरवा, आणि वरून सगळ्यांचा एकच करडा ॲप्रन. तरी दुपारी जेवायच्या सुट्टीत ॲप्रन काढून फोटो व्हायलाच हवा. खंडेनवमीच्या आधी मशिनी पुसून घ्यायची घाई. रस्त्याच्या कडेला कुठे कुठे उरलेल्या वावरात कारळ्याची पिवळी फुलं. घरात शिरलं की ओल्या मातीचा वास, समईच्या तेलाचा वास, साबुदाणा भिजल्याचा वास. मला हे दिवस फार आवडायचे. आता घरात माती भिजली की मी उठून खिडक्या उघडते.

घटाची माती आपल्याच वावरातली पाहिजे हा आत्याबाईंचा हट्ट. आता आपलं वावर कुठलं? त्याच्यावर बारा मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत. तरी दरवर्षी आत्याबाई पिशवी घेऊन त्या सोसायटीच्या फाटकावर जातात आणि वॉचमनला सांगतात, "बाबा, दोन ओंजळी माती नेती. माझीच हाय." पहिल्या वर्षी त्यानं वहीत नाव, फ्लॅट नंबर, कामाचं कारण लिहायला सांगितलं होतं. आत्याबाईंनी कारणाच्या रकान्यात अंगठा उठवला. आता तो त्यांना बघितलं की बागेतलं खुरपं स्वतः आणून देतो. ती माती पत्रावळीवर पसरायची, गहू पेरायचा, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा, वर रोज एक माळ चढवायची. पहिली माळ, दुसरी माळ, अशीच दिवसांची मोजणी. पाणी नुसतं शिंपडायचं, हाताच्या बोटांनी. दसऱ्यापर्यंत वीतभर पिवळसर हिरवं धान येतं. ते पुरुष टोपीत खोवतात, बायका अंबाड्यात. धान चांगलं आलं तर वर्ष चांगलं. नाही आलं तर कुणी बोलत नाही, पण सगळ्यांचे चेहरे उतरतात.

गेल्या वर्षी आमचं धान आलं नाही. त्याची गोष्ट सांगायची तर गोळीपासून सांगावी लागेल, आणि तिथेच माझी जीभ अडते.

तीन वर्षांपूर्वी मोशीच्या चौकात मी स्कूटीवरून पडले. कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधराव्या दिवशी कंबर बरीच बरी होती, पण गोळी मला सुटेना. त्या गोळीनं कंबरच काय, सगळंच दुखायचं थांबायचं. सुपरवायझर ओरडायचा ते लांबून ऐकू यायचं. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली ते दुखायचं नाही. आठ तास उभं राहून मी एकेक पार्ट उचलायची, मापाच्या गेजमध्ये घालून बघायची, बरोबर बसला की पिवळा ठिपका द्यायची आणि वाटायचं, किती छान चाललंय आपलं! पुढे एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. डॉक्टरांनी हात आखडता घेतला तेव्हा मी दुसरे डॉक्टर शोधले, मग तिसरे. ताथवड्यापर्यंत गेले मी त्या पायी, जिथे मला कुणी ओळखत नाही. प्रत्येक ठिकाणी कंबर धरून आत शिरायची. खरी नाटकं तिथे चालली होती. हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, मीच ते विसरू शकत नाही.

अशातच गेल्या वर्षीच्या भाद्रपदात आत्याबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घटस्थापनेला चारच दिवस होते तेव्हा त्यांना घरी सोडलं. औषधांची पिशवी कुणाकडे द्यायची हा प्रश्नच नव्हता. आमचे हे म्हणाले, "वंदना बघेल गोळ्यांचं. कंपनीत तपासणीलाच असते ती, तिच्या हातून चूक व्हायची नाही." पिशवीत वरच माझ्या ओळखीची पाकिटं होती. मला आठवतं, ती बघून मला आनंद झाला. माझी सासू बिछान्यात कण्हतेय, आणि मला पाकिटं बघून आनंद होतोय! कुठल्या तोंडानं सांगू?

आत्याबाईंना मी तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. रोज, वेळेवर, एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या तळहातावर गोळी. त्या गोळी कपाळाला लावायच्या आणि मग तोंडात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही गोळी लागू पडंना गं." मी म्हणाले, "वेळ लागतो, आत्याबाई." तिसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला मुलगी आली. तिनं गुडघा वाकवला तशा आत्याबाई अशा ओरडल्या की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. ही बाई कधी ओरडणारी नाही हो. विळा लागून बोट लोंबकळत असताना चिंधी बांधून उरलेला वाफा पुरा करणारी बाई ती. आमचे हे घाबरले, आणि घाबरले की हे चिडतात. "आई, बाऊ करू नकोस. कोपऱ्यावरच्या काकूंचं पण ऑपरेशन झालं, त्या आठव्या दिवशी जिना उतरल्या. नाटकं बस झाली." डॉक्टर फोनवर म्हणाले, आजींना जरा मनावर घ्यायला सांगा. आणि मी? नणंदेचा फोन आला तेव्हा मी दारातच उभं राहून म्हणाले, "काहींची सहनशक्तीच कमी असते, ताई." आत्याबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्या दिवसापासून त्यांनी ओरडणं बंद केलं. व्यायामाची मुलगी आली की पदराचा बोळा तोंडात धरायच्या. मी तो पदर धुवायची. त्यावर दातांच्या खुणा असायच्या.

घट त्या वर्षी मीच बसवला, आणि पाणीही मीच घालायचं होतं. बोटांनी शिंपडलं का, हे मला पाच मिनिटांनी आठवायचं नाही. मग पुन्हा जायचं, तांब्यानं घालायचं. दुपारी पुन्हा शंका. कामावरून आल्यावर पुन्हा. पाचव्या माळेला मातीवर पांढरी बुरशी आली. सातव्या माळेला घाण वास यायला लागला. मी वरून कारळ्याच्या माळा दाट सोडल्या आणि उदबत्त्या वाढवल्या. आतल्या खोलीतून आत्याबाई विचारायच्या, "धान कसं आलंय गं?" मी म्हणायची, "छान आलंय." दसऱ्याला त्या वॉकर धरून, पावलागणिक थांबत, स्वतः देवघरापर्यंत आल्या. माळा बाजूला केल्या. खाली नुसता चिखल होता आणि त्यात काळे पडलेले गहू. त्यांनी एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. डावीकडे, उजवीकडे. "माझंच चुकलं, आई. घट बसायच्या टायमाला मी खाटंवर पडले. उपास न्हाई केला, पायरी न्हाई शिवले. म्या कोपवलं तुला." मी त्यांच्यामागे उभी होते. तोंड उघडायचं सोडून मी त्यांना खुर्ची आणून दिली.

माझं बिंग फुटलं ते मार्गशीर्षात, पण अर्धंच. कंपनीतून परत येताना बस आमच्या थांब्यावर उभी राहिली आणि मला हा आपला थांबा आहे हे कळेना. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं घरी आणून सोडलं. ह्यांनी कपाट उघडलं, पाकिटं सापडली. हे ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला व्यसन सोडवायच्या ओपीडीत घेऊन गेले. सगळे दारू सोडायला आलेले. बाई मी एकटीच, पर्स मांडीवर गच्च धरून बसलेली. हे गाडी लावून येईपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीनं विचारलं, "ताई, मालकांना आणलंय का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो." हे आले तसे ते गृहस्थ ह्यांच्याकडे सरकले. "सोडा राव भाऊ आता. वहिनींकडं बघा, काय अवस्था झालीय त्यांची." हे एकदा माझ्याकडे बघून त्यांना म्हणाले, "हो. सोडतो." त्या दिवशी मला रडू आलं नाही. आज हे लिहिताना येतंय.

घरात सांगितलं, वंदनाचं रक्त कमी झालंय. आत्याबाईंनी तेव्हापासून रोज बीट किसायला घेतलं. नव्या गुडघ्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून त्या माझ्यासाठी बीट किसायच्या आणि मी ते खायची. गोड लागायचं नाही, पण ताटात टाकायची हिंमत नव्हती.

गोळी सुटली, पण डोकं जागेवर आलं नाही. दहा महिने झाले. डोक्यात कापूस भरल्यासारखं असतं. झाऱ्याला झारा म्हणतात हे आठवत नाही, मी "ते भोकाभोकाचं" म्हणते. फोडणीत मोहरी घालायची राहते, नाहीतर दोनदा पडते. दूध कपड्यांच्या कपाटात सापडतं. कामावर आता मला गेजवर उभं करत नाहीत, कागद लावायला बसवलंय. तिथेही एक कागद तीनदा वाचल्याशिवाय मी फाइलला लावत नाही. डॉक्टर म्हणतात, निवळेल, धीर धरा, लिहून ठेवत जा. म्हणून मी लिहिते. कंपनीत असते तशी चेकशीट मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली आहे. गॅस बंद, नळ बंद, दिव्यात तेल, पुढे माझी सही. यंदा त्यात एक ओळ वाढवली: घटाला पाणी, एकदाच. आधी सही, मग पाणी. हे बघून आमचे हे हसले, मीही हसले.

पण गंमत बघा. पोटच्या पोरीचा फोन नंबर मला आठवत नाही, आणि तळहातावरची ती गोळी, कपाळाला लावलेली, ती आठवते. पदरावरच्या खुणा आठवतात. जे पुसून जावं असं वाटतं तेवढंच कसं लख्ख राहतं? आणि खरं सांगू का, या विसरण्याच्या मागे लपायलाही मी शिकले आहे. लोक म्हणतात, बिचारीचं डोकं चालत नाही. नको असलेला प्रश्न आला की मी मुद्दाम हरवल्यासारखं बघते, आणि समोरचा माणूस विषय बदलतो. माझ्या सगळ्या लबाड्यांत मला ही सगळ्यात हलकट वाटते.

तर यंदाचे घट. आत्याबाईंनी गेल्या दसऱ्यालाच नवस बोलून ठेवला होता, नऊ दिवस अनवाणी आणि रोज गावदेवीच्या पायऱ्या. डॉक्टरांनी त्यांना पायऱ्या सपशेल बंद केल्यात. देवळापर्यंतचा रस्ता ड्रेनेजसाठी खणून ठेवलाय, नुसती खडी. पहिल्या माळेला त्या जाऊन आल्या तेव्हा टाचेतून रक्त येत होतं. दुसऱ्या माळेला डावा गुडघा सुजला. तिसऱ्या माळेला पायरीवर बसकण मारली, तिथून दोघी बायकांनी धरून आणलं. मी मीठ घातलेल्या गरम पाण्यात त्यांचे पाय ठेवले. "आता पुरे, आत्याबाई." त्या म्हणाल्या, "पुरं कसं? गेल्या साली घट कुजला, मागनं तू आजारी पडलीस. देवीचा राग हाय तो. तुज्यावर नगं, माज्यावर काढ म्हणलं तिला." त्यांचे पाय माझ्या हातात होते. मी टाचेतली खडी काढत राहिले.

चौथ्या माळेला रविवार होता. दुपारी जेवणं झाल्यावर आत्याबाई देवघरासमोर पाय पसरून उद्याच्या माळेची फुलं ओवत बसल्या होत्या. समोरच्या सोसायटीत दांडियाचा मांडव घालत होते, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" चाललं होतं. घटात यंदा दोन बोटं धान वर आलेलं. आत्याबाईंनी माळ जरा सारून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला! "बघ वंदे. चालले तर पावली का न्हाई? आता नऊच्या नऊ दिस जाती."

तिथे मात्र मला राहवलं नाही. ही बाई माझ्या पापापायी आपले गुडघे घालवून बसणार, आणि वर देवीचे आभार मानणार.

"आत्याबाई," मी म्हणाले, "धान आलं ते पाणी बेतानं घातलं म्हणून. गेल्या वर्षी मी दिवसातनं चारचारदा घातलं. तांब्यातांब्यानं. म्हणून कुजलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"चारदा कशापायी?"

"घातलंय का नाही ते आठवायचं नाही मला."

"व्हय, रगत कमी व्हतं तुजं."

एवढ्यावर मला सुटता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. मी देवघराच्या चौकटीला टेकले. 

"रक्त कमी नव्हतं," मी म्हणाले. "मला गोळ्यांची सवय लागली होती. कमरेच्या गोळ्यांची. आणि त्या मिळेनाशा झाल्या तेव्हा तुमच्या ऑपरेशनच्या गोळ्या... त्या मी खाल्ल्या, आत्याबाई."

सुई थांबली. "मंग मला काय देत व्हतीस?"

"कॅल्शियमच्या."

मी सगळ्याला तयार होते. थोबाडीत मारतील, माहेरी जा म्हणतील, गावभर करतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं मला. आत्याबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी ओवलेली माळ परातीत ठेवली आणि दोन्ही हात लुगड्यावरून गुडघ्यांवर ठेवले.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "मला खरंच दुखत व्हतं."

"हो."

"नाटकं न्हवती ती."

"नाही, आत्याबाई. नव्हती."

"मला वाटलं, म्हातारपणी आपण अशी कशी झालो. चार बाळंतपणं झाली माजी, शेजारणीला बी आवाज गेला न्हाई. आन् आता सगळी म्हणत्यात, उगा वरडती, तर खरंच उगा वरडत असंन. वरीसभर मी सोताला शिव्या देती."  मी पुढे सरकून त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी पाय आखडून घेतले. "पाय नगं धरूस. दत्तूला बोलीव."

हे बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. मोबाइल हातात घेऊनच आले. गोळ्यांचं ह्यांना माहीत होतं, पण कुणाच्या गोळ्या ते माहीत नव्हतं. आईचा चेहरा बघून ह्यांनी मोबाइल खिशात घातला. "काय झालं गं?"

"खाली बस," आत्याबाई म्हणाल्या. "ही काय सांगती ते ऐक. तवा तूच मला नाटकी म्हणाला व्हतास."

हे बसले. मी ओठ ओले केले. डोक्यात कापूस होताच, शब्द हरवतील अशी भीती होती, पण ते सगळे जागेवर होते. "गेल्या वर्षी आत्याबाईंच्या गोळ्यांमध्ये माझ्याकडून चुकून..."

"चुकून न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पयल्यापासनं सांग."

"मी आत्याबाईंच्या गोळ्या चोरून खाल्ल्या," मी म्हणाले, "आणि त्या ओरडत होत्या तेव्हा त्यांना खरंच दुखत होतं."